पेट्रोलची प्रत आणि इंजिनाचा नंबर

मराठीत मालाची पारख करताना वापरला जाणारा 'प्रत' हा शब्द एका शिडीची कल्पना मनात धरून चालतो. तांदूळ हलक्या प्रतीचा, मध्यम प्रतीचा किंवा उत्तम प्रतीचा असतो आणि ज्याला परवडते त्याने वरच्या पायरीवरचा घ्यावा, याविषयी कोणाला शंका येत नाही. महाड-पोलादपूरसारख्या भाताच्या मुलखात ही शिडी इतकी अंगवळणी पडलेली असते की मुंबई-गोवा महामार्गावरच्या पंपावर 'साधं टाकू की पॉवर?' असा प्रश्न आला की ग्राहक नकळत तोच हिशोब लावतो. साधे म्हणजे रेशनचा तांदूळ, महागडे म्हणजे बासमती. गाडी नवी असेल, घाट चढायचा असेल किंवा घरात कार्य असेल, तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण गाडीला 'चांगलं' मिळू दे. ही भावना प्रामाणिक असली तरी तिच्यामागचे गृहीतक चुकीचे आहे, कारण पेट्रोलवरचा ९१, ९५ किंवा १०० हा आकडा तांदळाच्या प्रतीच्या जातीचा नसून चष्म्याच्या नंबराच्या जातीचा आहे. ज्याच्या डोळ्यांना दीडचा नंबर लागतो त्याने तीनचा चष्मा लावला म्हणून त्याला दुप्पट स्पष्ट दिसत नाही. आणि ज्याला खरोखर तीनचा लागतो त्याला दीडने भागवायला सांगणे हेही शहाणपणाचे नाही. नंबर डोळ्याचा असतो, काचेचा नव्हे. तसाच पेट्रोलचा नंबर आधी इंजिनाचा असतो आणि मग पंपाचा.

हा आकडा नेमके काय मोजतो, ते समजण्यासाठी सिलिंडरच्या आत काय घडते ते पाहावे लागते. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन वर येताना दाबले जाते, दाबल्यामुळे तापते, आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी पडली की प्लगपासून ज्योतीची भिंत पसरत जाते. या भिंतीपुढचे, अजून न जळलेले मिश्रण मात्र दोन्हीकडून कोंडीत सापडते, कारण पिस्टनने ते आधीच दाबलेले असते आणि जळणारे वायू प्रसरण पावताना त्याला आणखी दाबतात. ज्योत पोचेपर्यंत त्याने कळ काढली तर ज्वलन सुरळीत होते. कळ न काढता ते आपल्या आपण पेटले तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि बॉनेटखालून धातूवर खडे टाकल्यासारखी टकटक ऐकू येते. यालाच 'नॉकिंग' म्हणतात, आणि या अवेळी पेटण्याला इंधन किती विरोध करते त्याचे माप म्हणजे ऑक्टेन नंबर. १९२०च्या दशकात ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने या मापाला दोन टोके दिली: आयसोऑक्टेन हे सहसा न ठोकणारे द्रव्य १०० धरले आणि नॉर्मल हेप्टेन हे झटकन पेटणारे द्रव्य शून्य. एखादे पेट्रोल ९१चे आहे म्हणजे प्रमाणित चाचणी-इंजिनात ते ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच धीर धरते. या आकड्यात पेट्रोलमधली उष्णता किती, ते किती शुद्ध आहे आणि ते एका लिटरला किती किलोमीटर नेईल, यांपैकी काहीही मोजलेले नाही.

धीर किती लागेल हे ठरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे दाबाचे गुणोत्तर, म्हणजेच पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जितकी जागा असते ती पिस्टन वर आल्यावर किती पटीने कमी होते, याचे प्रमाण. गुणोत्तर जास्त, तर त्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळते, पण मिश्रणही जास्त तापते आणि नॉकिंगचा धोका वाढतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या गाड्यांत हे प्रमाण आठ-नऊच्या आसपास असे. आजच्या अनेक छोट्या गाड्यांत ते दहा ते बाराच्या दरम्यान असते, आणि टर्बोचार्जर बसवलेल्या गाडीत हवा आधीच दाबून आत ढकलली जात असल्याने गुणोत्तर कागदावर कमी दिसले तरी प्रत्यक्ष दाब जास्त असतो. देशातल्या साध्या पेट्रोलचा नंबरही याच काळात चढत गेला. भारत स्टेज २च्या मानकांत तो ८८ होता, १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६मध्ये ९१ होता, आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलबरोबर ९५पर्यंत पोचला. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत होते तो आकडा आता साध्या नळीतून येतो, आणि तरीही साध्याला हलके समजण्याची सवय मात्र आहे तिथेच आहे.

गाडी ज्या नंबरासाठी बांधली आहे त्याहून वरचा नंबर भरल्यास काय होते, याचे उत्तर बहुतेक गाड्यांच्या बाबतीत निराशाजनक आहे: काहीच होत नाही. सध्याच्या इंजिनांत नॉक सेन्सर असतो. तो सिलिंडरच्या भिंतीतला कंप ऐकतो आणि टकटक जाणवली की संगणक ठिणगीची वेळ किंचित मागे सरकवतो, त्यामुळे इंजिन वाचते, पण थोडी ताकद जाते. वरच्या नंबराची गरज असलेल्या गाडीत साधे पेट्रोल भरले तर ही घट जाणवू शकते. ज्या गाडीचा संगणक ९१वर बसवला आहे, तिला मात्र ९५ किंवा १०० दिले तरी तो ठिणगी ठरलेल्या हद्दीपलीकडे पुढे नेत नाही. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१६मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांवर चाचण्या घेतल्या आणि महागड्या पेट्रोलने ना ताकद वाढली ना इंधन वाचले, असा निष्कर्ष काढला. वर्षभरात अशा अनाठायी भरण्यावर तिथल्या चालकांचे दोन अब्ज डॉलरांहून अधिक पैसे गेल्याचा तिचा अंदाज होता. तिकडे असलेल्या नातेवाइकांशी बोलताना होणारा एक घोटाळाही इथेच सांगण्याजोगा आहे. अमेरिकेच्या पंपावर ८७ लिहिलेले असते म्हणून तिथले पेट्रोल हलके, असा समज होतो. प्रत्यक्षात तिथला आकडा दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो आणि भारतात दाखवला जाणारा आकडा केवळ 'रिसर्च' नावाच्या सौम्य चाचणीचा असतो, त्यामुळे तिथले ८७ हे इथल्या ९१च्या जवळपासच येते.

महाड आणि पोलादपूर या भागात या प्रश्नाला एक खास वळण मिळते, आणि ते वळण घाटाचे आहे. महाडहून वरंध घाट भोरकडे चढतो, पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरला नेतो आणि कशेडी रत्नागिरी जिल्ह्यात उतरवतो. कशेडीच्या बोगद्याने वळणे टळली असली तरी बाकीच्या दोन्ही वाटांवर गाडीचा कस लागतोच. म्हणूनच 'घाटात जायचंय, पॉवर टाका' हा सल्ला इथे इतक्या सहजपणे दिला जातो. हा सल्ला हिशोबाला टिकत नाही. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. माणसे-सामान धरून १,२०० किलोची गाडी साधारण १,३०० मीटर उचलायला सुमारे १५ मेगाज्यूल काम लागते, एका लिटर पेट्रोलमध्ये ३० मेगाज्यूलच्या आसपास उष्णता असते आणि इंजिन तिच्यातली फार तर तीस टक्के चाकांपर्यंत पोचवते. म्हणजे रस्त्याचे घर्षण आणि हवेचा रोध बाजूला ठेवला तरी निव्वळ उंची गाठण्यासाठी दीड-पावणेदोन लिटर पेट्रोल जाणारच. महाबळेश्वरला पोचल्यावर 'अ‍ॅव्हरेज पडलं' म्हणून जी कुरकुर होते तिचे उत्तर या हिशोबात आहे, आणि टाकीत कोणता नंबर होता याने त्यात फरक पडत नाही.

घाटात टकटक ऐकू येते हे मात्र खरे आहे, आणि तिचे कारण बहुधा पेट्रोल नसून चालकाचा डावा हात असतो. चढावर गाडी चौथ्या गिअरमध्ये ओढत राहिल्यास इंजिनाचे फेरे कमी होतात, थ्रॉटल मात्र पूर्ण उघडलेला असतो; प्रत्येक सिलिंडरमध्ये मिश्रण गच्च भरते आणि ज्योत पसरेपर्यंत कोंडलेल्या भागाला तापायला भरपूर वेळ मिळतो. इथले जुने चालक याला 'गाडी कुंथते' म्हणतात, आणि त्या एका क्रियापदात नॉकिंगची सगळी पूर्वतयारी आली आहे. गिअर पाडून फेरे वाढवले की ज्वलनाला मिळणारा वेळ कमी होतो, प्रत्येक स्फोटावरचा भार हलका होतो आणि जो आवाज जावा म्हणून महागडे पेट्रोल भरले जाते तो बहुतेक वेळा फुकटात थांबतो. निसर्गाचीही यात थोडी मदत आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्केच असतो, त्यामुळे टर्बो नसलेले इंजिन तिथे कमी हवा ओढते, त्याची ताकद घटते, पण त्याबरोबर नॉकिंगची प्रवृत्तीही घटते. अमेरिकेच्या डोंगराळ राज्यांत पंपावर नेहमीपेक्षा खालच्या नंबराचे पेट्रोल विकण्याची रीत याच तत्त्वावर पडली. गाडी जितकी वर जाते तितकी तिला वरच्या नंबराची गरज कमी होते, हे लोकसमजाच्या बरोबर उलटे आहे. घाटापेक्षा खरी परीक्षा एखाद वेळी पायथ्याशीच होते: गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत पाच माणसे आणि कॅरिअरवर सामान घेऊन, एसी लावून, महामार्गावर तासन्‌तास रांगेत सरकणाऱ्या गाडीचे इंजिन आणि आत येणारी हवा दोन्ही तापलेली असतात, आणि त्या गाडीला पुढचा चढ नुसता आंबेनळी चढणाऱ्या गाडीपेक्षा जड जातो.

महागड्या पेट्रोलच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. त्यात फक्त ऑक्टेन नसते, तर इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर साचणारा कार्बन धुणारी द्रव्येही असतात. वर्षानुवर्षे गावातल्या गावात, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे ज्वलनकक्षात कार्बनचे थर बसतात. ते थर जागा अडवून दाब वाढवतात, शिवाय तापून निखाऱ्यासारखे होतात, आणि जी गाडी नवी असताना ९१वर शांत चालत होती ती आठ-दहा वर्षांनी त्याच पेट्रोलवर टकटकू लागते. अशा गाडीत वरचा नंबर भरल्याने आवाज खरोखरच थांबतो. पण हे वयोमानाने वाढलेल्या नंबराचे उदाहरण आहे, प्रतीचे नव्हे. आणि मेकॅनिककडून कार्बन काढून घेणे हा त्यावरचा बहुधा स्वस्त उपाय असतो. शंभर नंबराच्या पेट्रोलचे समर्थन तर नेहमीच्या गाडीसाठी करताच येत नाही. १ डिसेंबर २०२०ला इंडियन ऑइलने देशातल्या निवडक शहरांत एक्सपी-१०० आणले तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये होता, म्हणजे तेव्हाच्या साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्याचा ग्राहक महागड्या परदेशी गाड्यांचा आणि मोठ्या मोटारसायकलींचा मालक हाच होता.

डिझेलचा विचार इथे थोडक्यात उरकता येतो, तरी तो टाळता येत नाही, कारण खेड्यापाड्यांतून माणसे वाहणाऱ्या मिनिडोरपासून बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या टँकरपर्यंत इथली बरीच चाके डिझेलवर फिरतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपल्या आपण पेटणे अपेक्षित असते. म्हणजे पेट्रोलमध्ये जो दोष मानला जातो तोच डिझेलमध्ये गुण ठरतो, आणि तो मोजणारा सीटेन नंबर ऑक्टेनच्या उलट दिशेने जातो. एकच स्वभाव एका इंजिनात सद्गुण आणि दुसऱ्यात दुर्गुण ठरत असेल, तर 'उच्च प्रत' हा शब्द इंधनाला मुळातच किती बेताने लागू पडतो ते दिसते.

नंबराविषयीची सर्वांत गैरसोयीची गोष्ट अशी की तो कशाच्या बळावर वाढवला हे तो सांगत नाही. डिसेंबर १९२१मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना असे आढळले की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग किंचितसे मिसळले तरी नॉकिंग थांबते, आणि पुढची कित्येक दशके जगभर पेट्रोलचा नंबर शिशाने वाढवला गेला. पंपावरचा आकडा चांगला दिसत होता; शिसे मात्र धुरातून हवेत आणि हवेतून मुलांच्या रक्तात जात होते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २०००च्या सुरुवातीला बंद झाले, आणि जगात ते विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१च्या जुलैमध्ये थांबला.

शिशाची जागा घेणाऱ्या द्रव्यांपैकी इथेनॉल हे आजचे सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याला शिशाच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. पण आकडा आणि उपयोग यांतली दरी त्याच्या बाबतीत वेगळ्या रीतीने उघडी पडते. उसाची मळी आणि रस, मका आणि तांदूळ यांपासून बनणाऱ्या इथेनॉलचा ऑक्टेन नंबर सुमारे १०८ आहे, त्यामुळे ते मिसळले की पेट्रोलचा नंबर चढतो. त्याच्या एका लिटरमध्ये उष्णता मात्र पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते. २० टक्के मिश्रणाचा हिशोब केला तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे सात टक्के उष्णता कमी भरते. जास्त धीराचा फायदा उठवण्यासाठी जे इंजिन मुद्दाम जुळवले आहे ते यातले काही परत मिळवू शकते, जुने इंजिन मिळवू शकत नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही हेच आहे: इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्क्यांवर जुळवलेल्या चारचाकींची कार्यक्षमता ई-२०वर सहा-सात टक्क्यांनी घटेल, तर १० टक्क्यांसाठी घडवून २०वर जुळवलेल्यांची एक-दोन टक्क्यांनीच. महाडच्या एखाद्या जुन्या गाडीच्या मालकाला 'नंबर वाढला आणि अ‍ॅव्हरेज घटलं' असे वाटत असेल तर त्याच्या बोलण्यात विसंगती नाही. ज्या वस्तूने नंबर वाढवला तिनेच अ‍ॅव्हरेज घटवले आहे. शिडीच्या कल्पनेवर विश्वास ठेवणाऱ्याला हे कोडे सुटत नाही, आणि म्हणून तो आणखी वरच्या पायरीचे पेट्रोल भरून पाहतो. 'प्रीमियम' लिहिले म्हणजे इथेनॉल नाही, असा अर्थ होत नसल्याने तिथेही तो फसण्याचीच शक्यता अधिक.

२०२३च्या आधीच्या, म्हणजे बहुधा ई-२०साठी न घडवलेल्या, गाडीच्या मालकापुढचा खरा प्रश्न प्रतीचा नसून मिश्रणाचा आहे, आणि त्यात त्याला निवड जवळजवळ उरलेली नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय पंपावर ठेवावा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली. देशाचे तेलावरचे परकीय चलन वाचावे आणि ऊस-मक्याला ग्राहक मिळावा, हे हेतू योग्यच आहेत. परंतु ज्याच्या गाडीचे रबरी पाइप आणि सील जुन्या इंधनासाठी बनले आहेत त्याच्याकडून या धोरणाची किंमत लिटरमागे वसूल होत असताना त्याला दरात सवलत न मिळणे हे न्याय्य म्हणता येणार नाही.

याच मिश्रणामुळे पाऊस हा इंधनाच्या प्रश्नाचा भाग होतो, आणि सावित्री व गांधारी या नद्यांच्या कुशीत वसलेल्या महाडला पाऊस काय असतो ते सांगायला नको. इथेनॉल पाणी शोषते. थोडे पाणी ते आपल्यात विरघळवून टाकते आणि काही बिघडत नाही. मर्यादेबाहेर गेले की मात्र इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते, जिथे गाडीचा पंप इंधन ओढत असतो. वर उरलेल्या पेट्रोलमधून नंबर वाढवणारे द्रव्यच निघून गेलेले असते, त्यामुळे ते ज्या नंबरावरून ९५ला चढवले होते त्याच नंबराकडे पुन्हा उतरते. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नये, कारण रिकाम्या जागेतली दमट हवा थंड झाली की तिचे पाणी होते. ही खबरदारी नंबराच्या चर्चेपेक्षा जास्त उपयोगी आहे.

पंपावर ग्राहकाला तपासता येणारा एकच महत्त्वाचा आकडा आहे, आणि तो ऑक्टेनचा नाही. काचेच्या उंच जारमध्ये पेट्रोल घेतात, त्यात हायड्रोमीटर तरंगत सोडतात, शेजारी तापमापक बुडवतात, आणि दोन्ही वाचने तक्त्यात पाहून १५ अंश सेल्सिअसची घनता काढतात. ती घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असावी लागते आणि टँकरबरोबर आलेल्या चलनावरच्या आकड्यापेक्षा तीन किलोहून जास्त फरक पडला तर माल संशयास्पद मानतात. ही तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, गाळणकागदावर थेंब टाकून डाग राहतो का हे पाहण्याचाही आहे. ज्या नंबरासाठी जास्तीचे पैसे दिले तो मात्र पाहण्याचे साधन तिथे नसते; तो छापलेल्या नावावर विश्वास ठेवून घ्यावा लागतो. गाडीला जो नंबर हवा आहे तो मात्र टाकीच्या झाकणाच्या आतल्या चिकटपट्टीवर किंवा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत छापलेला असतो, आणि तो वाचायला पैसे पडत नाहीत.

२०२१च्या २२ जुलैला महाडच्या बाजारपेठेत पाणी भरले तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीच्या टाकीत पाणी शिरले असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी किल्ली न फिरवता ती ढकलत नेऊन टाकी उतरवणे आणि रिकामी करणे एवढेच काम उरते. बादलीत काढलेल्या इंधनाचे दोन थर उजेडात स्पष्ट दिसतात, वरचा पिवळसर आणि खालचा गढूळ. टाकीत साधे होते की पॉवर, हे मेकॅनिक तेव्हा विचारत नाही.